वेदिका : आजवरची स्थळं

कुठल्या गोष्टीला काय म्हणायचं हे एकदा नीट ठरलं की जगातले निम्मे घोटाळे होतच नाहीत, असं माझं ठाम मत आहे. आमच्या घरी येऊन बघा! फडताळातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे. रवा, बारीक रवा, उर्वीचा रवा. उर्वी म्हणजे माझी दीड वर्षाची लेक. तिच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या, औषधांवर चिठ्ठ्या, धुतलेल्या खेळण्यांच्या टोपलीवर वेगळी आणि न धुतलेल्यांच्या टोपलीवर वेगळी. एकदा गडबडीत 'उकळलेलं पाणी' ही चिठ्ठी माझ्या नवऱ्याच्या, रितेशच्या पाठीला चिकटली आणि तो ती मिरवत अख्खा बाजार करून आला. त्या दिवशी भाव करताना कुणीच आपल्याशी हुज्जत घातली नाही, असं तो अजून सांगतो.

तेव्हा ब्लॉगसाठी टॅगांची पद्धत आखायची म्हटल्यावर मला घाम फुटायचं काही कारणच नव्हतं!

माझ्या ब्लॉगचं नाव 'कडेवर'. लेकराला कडेवर घेऊन रत्नागिरीहून कुठे कुठे जाऊन येता येतं, तिथे कठडा आहे का, पाणी कसं आहे, भटकी कुत्री किती, दवाखाना किती लांब, अशी अत्यंत उपयुक्त माहिती मी त्यावर देते. ब्लॉगचं सॉफ्टवेअरही मीच लिहिलं. तयार मिळतं, फुकट मिळतं, सगळं मान्य. पण माझ्या उर्वीचे फोटो कुठल्या देशातल्या कुठल्या कपाटात जाऊन पडतील, कुणी सांगावं! आयटीची पदवी काय नुसती फ्रेममध्ये लावायला घेतली होती?

लोकांच्या ब्लॉगांवर टॅगांचा नुसता पाचोळा असतो. एकाच लेखाला 'समुद्र', 'किनारा', 'बीच', 'वाळू', 'मजा'! माझ्या पद्धतीत प्रत्येक लेखाला तीनच टॅग. कुठे गेलो, सोबत कोण होतं आणि कसं वाटलं. चौथा द्यायचा म्हटलं तरी देता येत नाही! तारीखसुद्धा मी काढून टाकली. चढ मागच्या वर्षी चढ होता, तो ह्या वर्षी उतार होणार आहे का?

टॅगांना मी आधी 'लोकेशन', 'विथ' आणि 'रिव्ह्यू' अशी नावं दिली होती. ती बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी पाहिली. बाबा मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मृणाली, ब्लॉग मराठी आणि खुंट्या इंग्रजी? लोकेशनला शब्द नाही आपल्याकडे?"

"ठिकाण म्हणू?"

"ठिकाण चोरांचंही असतं. स्थळ म्हण. स्थळ! कसा भारदस्त शब्द आहे."

झालं. स्थळ, सोबत, शेरा. "अनुप्रास जवळजवळ साधलाच," बाबा म्हणाले, आणि मीही भारावून मान डोलावली.

आता ह्या पद्धतीच्या दोन सोयी सांगते, कारण त्यांचा मला अतिशय अभिमान आहे. म्हणजे होता. पहिली सोय अशी की, सोबतच्या माणसाच्या नावावर बोट ठेवलं की त्या माणसाचं स्वतंत्र पान आपोआप तयार होतं. मथळा आपोआप, प्रत्येक लेखाची पहिली ओळ आपोआप. दुसरी सोय म्हणजे, टॅग एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. दहा लेखांत दहा वेळा टंकत बसायला नको!

शेरे दोनच होते, 'चालेल' आणि 'परत नको'. माझे निकष जरा कडक असल्यामुळे 'चालेल' हा टॅग अजून कोरा करकरीत आहे.

आणि सोबत? सोबत बहुतेक वेळा वेदिका. वेदिका माझी नणंद. बँकेत नोकरीला, शनिवार-रविवारी फिरायला एका पायावर तयार, आणि उर्वीला कडेवर घेऊन चढ चढायला माझ्यापेक्षा कितीतरी दणकट. ब्लॉगचा पासवर्डही तिला माझ्याइतकाच पाठ.

ह्या वेदिकासमोर लग्नाचा विषय काढला की ती दाढ काढायला निघाल्यासारखा चेहरा करायची. मग आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या खेडच्या बहिणीनं, गोदूमावशीनं, राजापूरचा सलिल सुचवला. त्याचा काजूचा छोटा कारखाना आहे. तो आणि त्याची आई दर्शनाताई रविवारी येऊन गेले. उर्वी झोपली होती, तिची झोप मोडू नये म्हणून मी दाराची बेल काढून ठेवली होती, त्यामुळे पाहुणे बराच वेळ पायरीवर उभे राहिले, पण ते असो. वेदिका आणि सलिल गच्चीवर बोलायला गेले आणि खाली आले तेव्हा दोघांचेही कान लाल झालेले! "दोन दिवसांत कळवतो," दर्शनाताई म्हणाल्या. सोमवारी वेदिका बँकेतून फोन करून मला विचारते, "वहिनी, त्यांचा फोन आला?" मंगळवारी दोनदा विचारलं. पोरीचा जीव अडकला होता हो! इतका की तिनं गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे न सांगता घड्या करून ठेवले.

बुधवारी सकाळी फोन आला.

आई नारळ खवत होत्या. हात गुंतलेले असले की त्या फोन स्पीकरवर टाकतात. मी पलीकडेच होते. पण त्याच क्षणी उर्वीनं काहीतरी तोंडात घातलेलं मला दिसलं. तिचे गाल फुगले आणि ओठ मिटले! मी तिला उचलून पालथी केली आणि दोन बोटं तिच्या तोंडात घातली. पुढचं सगळं मी त्या अवस्थेत ऐकलं.

"नमस्कार. दर्शना बोलत्ये, राजापूरहून."

"अय्या, तुम्ही! बोला, बोला!"

"तुमच्या सूनबाईंचा तो ब्लॉग पाहिला. वेदिकाचं नाव टाकून शोधलं, तर तिचं पानच आलं समोर."

"पाहिलंत? बरं केलंत! मी सगळ्यांना सांगत्येच, बघा म्हणून."

"सगळ्यांना?"

"हो तर! त्यात लपवायचंय काय?"

"सात स्थळं झाली म्हणे."

"चढवली सात आहेत हो. झाली कितीतरी! मृणालीला वेळ कुठे होतो सगळी टाकायला? मालवणकडची तर अजून बाकीच आहेत."

मी "आई!" म्हणून ओरडले, पण उर्वीनं बोट चावल्यामुळे त्यातला फक्त "आ" बाहेर आला.

"आणि वेदिका स्वतः जाते? प्रत्येक स्थळी?"

"हौसच आहे तिला! शनिवार उजाडला की हिचं सुरू, वहिनी, आज कुठे जायचं?"

"खेडला... रात्र काढली असं लिहिलंय."

"काढली ना! काय करतील, गाडी चुकली आणि गोदूच्या घराला नेमकं कुलूप. न्हाणीघराला कडी नव्हती म्हणे."

"आणि इतक्यांतलं एकही पसंत नाही पडलं?"

"पडतं हो तेवढ्यापुरतं. एकदा बघायला सगळीच बरी असतात. राहायचं म्हटलं की कळतं!"

"आणि आमचं राजापूर?" दर्शनाताईंचा आवाज बर्फाच्या पेटीतून काढलेल्या सुरमईसारखा झाला होता.

"आता तुम्ही घरच्यासारख्या म्हणून सांगते, हं. लांबून तिला फार आवडलं होतं. पण जवळ गेल्यावर दमली पोर."

"फोटोत तिच्या कडेवर एक मूल आहे."

"ते होय? आमचंच ते! वेदिकाशिवाय क्षणभर राहत नाही."

फोन कट झाला.

"रेंज गेली वाटतं," आई म्हणाल्या आणि पुन्हा नारळाकडे वळल्या. "फार चौकशी करत होत्या हो तुझ्या ब्लॉगची!"

उर्वीच्या तोंडातून लगदा बाहेर आला. त्यावर अजून वाचता येत होतं, 'बारीक रवा'.

मी तशीच मोबाइल घेऊन बसले आणि वेदिकाचं पान उघडलं. आजवर मी ते बनवणारीच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आता राजापूरच्या डोळ्यांनी बघितलं.

*वेदिका : आजवरची स्थळं (७)*

*स्थळ : दाभोळ. वय बरंच आहे. अंगाला मासळीचा वास. शेरा : परत नको.*

*स्थळ : खेड. नाइलाजानं एक रात्र काढली. शेरा : परत नको.*

*स्थळ : गुहागर. रूप देखणं, पण सावली मिळणार नाही. शेरा : परत नको.*

*स्थळ : राजापूर. लांबून छान वाटलं. जवळ गेल्यावर धाप लागली. शेरा : परत नको.*

आणि राजापूरच्या खाली, वाचकांच्या सोयीसाठी, माझ्या सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं जोडलेली ओळ : *राजापूर नाही आवडलं? अशीच आणखी स्थळं बघा!*

दाभोळचं बंदर जुनं आहे, म्हणून 'वय बरंच'. राजापूरला चढ आहे, म्हणून 'धाप'. आणि तिथे आम्ही गेलो होतो मागच्या वर्षी, सलिलचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा. पण तारीख कुठाय? साधेपणासाठी काढलेली!

संध्याकाळी वेदिका बँकेतून आली. पान वाचून ती झोपाळ्यावर बसली, आणि झोपाळासुद्धा हलायचा थांबला.

"वहिनी, मी दाभोळला नाकारलं?"

"अगं, बंदराला!"

"सलिलनं सकाळपासून एक मेसेज केलेला नाही." आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. दणकट हाताची माझी नणंद! उर्वीनं केस उपटले तरी हसणारी!

"शब्दाचा दोष नाही," बाबा कोपऱ्यातून म्हणाले. "स्थळ म्हणजे जागा. शब्दकोशात पहिला अर्थ हाच आहे."

"आणि दुसरा?" वेदिकानं विचारलं.

बाबा चष्मा पुसायला लागले.

"सरळ फोन करून सांगा ना," रितेश म्हणाला.

"मी करते!" आई उठल्या.

"नको!" आम्ही पाचजण एकदम ओरडलो. पाचवी उर्वी. तिला कारण माहीत नव्हतं, पण वातावरण कळलं होतं.

मी म्हटलं, घाबरायचं काही कारण नाही. पद्धत माझी आहे, दुरुस्तीही माझीच. खुलासा करताना समोर जर तेच पान असेल तर कोण विश्वास ठेवणार? आधी पान नीट करू, मग बोलू. सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट कुठली, तर राजापूरचा शेरा. मी राजापूरच्या लेखात जाऊन 'परत नको' खोडलं आणि लिहिलं, 'परत परत यावंसं वाटतं!'

"बघ! दोन मिनिटांचं काम," मी वेदिकाला म्हटलं.

थोड्याच वेळात तिचा फोन वाजला. सलिलचा मेसेज! तिनं तो उघडला आणि मोठ्यानं वाचला, एकेक शब्द वेगळा करून.

"आईनं आत्ता पुन्हा तुझं पान पाहिलं. आता तुला सातही स्थळांकडे परत परत यावंसं वाटतंय. वेदिका, हे नक्की काय आहे?"

टॅग एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. सोय!

मी ताबडतोब 'परत नको' पुन्हा आणलं. मग सगळ्याचं मूळ जे 'स्थळ', ते काढून तिथे 'ठिकाण' घातलं. बाबांनी मान दुसरीकडे वळवली. ही सोय मात्र इथे वेळेवर कामाला आली. क्षणात सगळीकडे ठिकाणंच ठिकाणं! 'वेदिका : आजवरची ठिकाणं'. किती निरुपद्रवी! चोरांची तर चोरांची!

वेदिका फोन घेऊन गच्चीवर गेली. थोड्या वेळानं वरून सलिलचं हसणं ऐकू आलं. स्पीकरवर नव्हता, तरी! म्हटलं, जिंकलो. पण वेदिका खाली आली ती नखं कुरतडत.

"तो समजला. पण त्याची आई म्हणते, ती सूनबाई काय क्षणाक्षणाला बदलते, मी रविवारी येऊन समोर बसून बघणार."

"येऊ देत!" मी म्हटलं. "समोर बसूनच बघावी अशी माझी पद्धत आहे!"

रविवारी बेल जागच्या जागी होती. पोहे, त्यावर ओलं खोबरं, आंबावडी. टेबलावर लॅपटॉप, स्क्रीन पुसून लख्ख. दर्शनाताई खुर्चीत ताठ बसल्या, तोंडी परीक्षेच्या बाईंसारख्या. सलिल त्यांच्यामागे उभा. वेदिका स्वयंपाकघराच्या दारात, उभी म्हणजे नुसती उभी, ना आत ना बाहेर.

मी एकेक लेख उघडून दाखवला. दाभोळची फेरीबोट. खेडचं स्टेशन. गुहागरची वाळू आणि तीवर उन्हानं लालबुंद झालेला रितेश. मग राजापूर. फोटोत वेदिका उर्वीला घेऊन चढावर वाकून उभी.

दर्शनाताई पुढे झुकल्या. "अगो बाई, हा तर आमच्या घराकडे जायचा चढ!"

"तिथेच धाप लागली," मी हळूच म्हटलं.

"लागणारच! मला विचारा! भाजीची पिशवी घेऊन चढताना मी मध्ये दोनदा उभी राहत्ये, आणि वर कुणी भेटलं तर बोलायला थांबल्याचं सोंग करत्ये." आणि त्या चक्क हसल्या! त्याच वेळी उर्वी दुडदुडत आली आणि त्यांच्या साडीला धरून उभी राहिली. "ही होय ती फोटोतली! म्हणजे ही तुमची?"

"माझी!" मी म्हटलं. "जन्मदाखला आणू?"

"राहू दे." त्यांनी उर्वीला मांडीवर घेतलं. मी सवयीनं त्यांच्या हातातल्या बांगड्या तपासल्या, टोकदार काही नव्हतं. घरात सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. आईंनी पोह्यांवर आणखी खोबरं घातलं.

"सगळं पटलं हो," दर्शनाताई म्हणाल्या. "पण एकच सांगा. ह्याच्यानं मला झोप लागली नव्हती." त्यांनी बोटानं पान सरकवत सरकवत अगदी तळाशी नेलं. "हे कशाला लिहिलंत?"

सगळे वाकले. शोधायची चौकट मी पानाच्या माथ्यावर ठेवली आहे. म्हणून तळाशी पोचलेल्या वाचकाला मदत व्हावी, ह्या एकाच निर्मळ हेतूनं, ठळक अक्षरांत मी लिहिलं होतं :

*हवं ते मिळालं नाही? वर शोधा!*

"ते... म्हणजे... वर..." मी बोट छताकडे केलं. सगळ्यांनी छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता.

"वर. क्रियाविशेषण आहे ते," बाबा मदतीला धावले.

"नामही आहे," दर्शनाताई शांतपणे म्हणाल्या. "मराठी घेऊनच बी. ए. झाल्ये मी."

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा व्याकरणात हार मानली आणि आंबावडी उचलली. मी स्क्रीनकडे बघत राहिले. सात स्थळं दाखवून, ती सातही नाकारून, शेवटी मी उभ्या जगाला आवाहन केलं होतं, वर शोधा! उद्गारचिन्हासकट! स्वयंपाकघराच्या दारात वेदिकानं डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात सलिलनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"आई," तो म्हणाला, "ती ओळ जुनी आहे. आता शोधायची गरज नाही. वर सापडलाय."

मग दर्शनाताईंनी वेदिकाकडे पाहिलं. वेदिकाचे कान आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखे तांबूस झाले होते.

"काय गो, खरं का?"

वेदिकानं मान हलवली. वरून खाली, स्पष्ट, कुणालाही दुसरा अर्थ लावता येणार नाही अशी!

मग काय विचारता! साखर वाटली. आई डोळे पुसत हसत होत्या. रितेश सलिलच्या पाठीवर थापा मारत होता. मी तिथल्या तिथे ती ओळ काढली आणि त्या जागी नुसता बाण काढला. बाणाला दुसरा अर्थ नाही. बाबा म्हणाले, मदनाचाही असतो, पण मी न ऐकल्यासारखं केलं.

पाहुणे गेले. मी उर्वीला निजवायला घेतलं आणि मनाशी म्हटलं, शेवटी माझ्या टॅगांमुळेच तर सगळं इतकं मोकळेपणानं बोललं गेलं! नाहीतर दोन घरं चहा पिऊन गप्प बसली असती. पद्धतीत तसा दोष नव्हताच. जरा शब्द इकडचे तिकडे.

बाहेर झोपाळ्यावर वेदिका गाणं गुणगुणत मोबाइलवर काहीतरी टंकत होती.

"काय करतेस गं?" मी दारातून विचारलं.

"काही नाही, वहिनी!" ती लाजत म्हणाली. "राजापूरचा शेरा बदलला. 'परत नको' बरं दिसत नव्हतं ना आता."

"काय लिहिलंस?"

"'इथेच नांदायचं ठरलं!'"

मला काय आठवलं ते तुम्हालाही आठवलं असेलच. टॅग एका जागी बदलला की... मी ओट्याकडे धावले, कारण तिकडे फोन वाजत होता. पण धावता धावता मला कडेवरच्या उर्वीचे गाल दिसले. फुगलेले! ओठ मिटलेले! मी थांबले, तिला पालथी केली आणि दोन बोटं तिच्या तोंडात घातली.

आईंचे हात नारळात होते. फोन स्पीकरवर गेला. खेडहून गोदूमावशी.

"अगो हेमा, हे काय वाचत्ये मी? वेदिका खेडला नांदणार? दाभोळलाही? गुहागरलाही? सगळीकडे?"

"दिसलं का तुला?" आई कौतुकानं म्हणाल्या. "अगो, मालवणकडची तर अजून बाकीच आहेत!"